‘आमच्याकडे तर दिसतंय’

साशंक : सीडीएन लावल्यापासून आपली गावोगावच्या सूचनांची साइट पटकन उघडते, त्याबद्दल माझा वाद नाही, दादा. माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वी साइट बंद पडली की सगळ्यांनाच बंद दिसायची. फोन रतनवाडीतून येवो की पुण्यातून, उत्तर एकच असायचं : बंद आहे, बघतोय. आता साइट बंद पडत नाही, ती माणसागणिक वेगळी दिसते. वसतिगृह प्रवेशाची मुदत वाढली तेव्हाचंच घ्या. आपण साइटवरचा तारखांचा तक्ता बदलला. पुण्यातल्या आपल्या माणसानं उघडून पाहिलं, त्याला नवी तारीख दिसली, त्याच्या दृष्टीनं काम संपलं. इथं भंडारदऱ्याच्या परिसरात, राजूरच्या बाजारात, शेंडीला, साम्रदला मात्र लोकांच्या फोनवर जुनीच तारीख. एका आईनं मुदत गेली असं समजून अर्जाचा नाद सोडला होता. शेजारणीच्या फोनवर नवी तारीख दिसली म्हणून निभावलं. एकाच ओट्यावर बसलेल्या दोघी, दोन फोन, दोन तारखा. आणि हे कळवल्यावर उत्तर काय मिळालं? ‘आमच्याकडे तर दिसतंय.’ हे वाक्य मला बिघाडापेक्षा जास्त लागलं. त्यात समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच खोटं ठरतं.

समर्थक : ते वाक्य चुकीचंच होतं, ताई. पण सीडीएनला दोष देण्याआधी तो लावला कशासाठी, ते नीट पाहू. आपला मूळ सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात आहे. तिथं जागा स्वस्त मिळाली म्हणून घेतली. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून तिथलं अंतर सरळ रेषेतच तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, आणि समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या वर जातात. शिवाय पान एका फेरीत येत नाही. जोडणीची एक फेरी, सुरक्षिततेच्या बोलण्यांची दुसरी, मग पानाची मागणी तिसरी. त्यानंतर चित्रं, अक्षरांच्या फायली, तक्ते. सीडीएन काय करतो? पानाच्या प्रती जगभरच्या आपल्या सर्व्हरांवर ठेवतो. मुंबईत ठेवलेली प्रत राजूरला मिळाली तर तीच फेरी काही मिलिसेकंदांत होते.

हे कुणी चैन म्हणून काढलेलं नाही. एका साइटवर एकाच वेळी लोंढा आला की ती कोसळते, हा प्रश्न नव्वदच्या दशकात एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनी लुईन यांनी गणित म्हणून हातात घेतला. कोणती फाइल कोणत्या सर्व्हरवर ठेवायची, आणि एखादा सर्व्हर आला-गेला तरी सगळी वाटणी पुन्हा कशी करावी लागू नये, याची रीत १९९७ साली प्रसिद्ध झाली. १९९८ मध्ये त्यातून अकामाई ही कंपनी निघाली. १९ नोव्हेंबर २०२३ ला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. एका ठिकाणच्या सर्व्हरांना, ते कितीही मोठे असोत, हे झेपलं नसतं.

साशंक : गणित थोर आहे, मान्य. पण तुमचे मिलिसेकंद मुंबईपर्यंतचे. मुंबईपासून राजूरच्या टॉवरपर्यंत, आणि टॉवरपासून घाटघरच्या घरातल्या फोनपर्यंत जे होतं, त्यात सीडीएनचा हात नाही. पावसाळ्यात लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की तेरा हजार किलोमीटर वाचवलेले आणि शेवटचे दहा किलोमीटर अडलेले. तरी ते सोडून देते, कारण शेवटच्या टप्प्याचं दुखणं लोकांना माहीत असतं. रेंज नाही, एवढं कळतं. माणूस टेकाडावर जातो, थांबतो, पुन्हा बघतो. जे कळत नाही ते मला छळतं. रेंज पूर्ण, पान झटक्यात उघडलं, आणि त्यावरची तारीख चुकीची. पान गोलगोल फिरत राहिलं असतं तर त्या आईला शंका आली असती. झटकन उघडलेल्या पानावर कोण शंका घेतं?

समर्थक : या मुद्द्यावर मी तुमच्यासोबत आहे, म्हणून तो बिघाड शोधला कसा ते सविस्तर सांगतो. पान आपल्याला दिसतं, पण त्याच्याबरोबर काही ओळी येतात, त्या ब्राउझर दाखवत नाही. त्यांना हेडर म्हणतात. कर्ल नावाच्या छोट्या साधनानं नुसते हेडर मागवता येतात. मी तक्त्याच्या फायलीचे मागवले. एका ओळीत ‘हिट’ होतं, म्हणजे प्रत सीडीएनच्या साठ्यातली होती, मूळ सर्व्हरपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. ‘एज’च्या ओळीत ६४,८०० होतं. हे सेकंद असतात. म्हणजे ती प्रत अठरा तासांची होती. आणि ‘कॅशे-कंट्रोल’च्या ओळीत मुदत ८६,४०० सेकंदांची : पूर्ण चोवीस तास. इथवर सोपं होतं. सीडीएनला हुकूम दिला, साठा रिकामा कर. त्याला पर्ज म्हणतात. पुन्हा हेडर मागवले. आता ‘मिस’ आलं, ‘एज’ शून्य, तक्त्यात नवी तारीख. पुण्यातही नवी, नाशिकलाही नवी.

साशंक : आणि राजूरला जुनीच.

समर्थक : राजूरला जुनीच. खरी गाठ तिथं होती. चोवीस तासांची ती मुदत आपण एकट्या सीडीएनला सांगितलेली नव्हती. तीच ओळ फोनमधल्या ब्राउझरपर्यंतही जाते. ब्राउझरचा स्वतःचा साठा असतो. काल चार वाजता ज्यानं तक्ता उघडला, त्याच्या फोननं मनाशी धरलं : उद्या चारपर्यंत विचारायची गरज नाही. आपण सीडीएन रिकामा केला, पण लोकांच्या खिशातल्या फोनपर्यंत पर्ज पोचत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. लोकांना आपण सांगत होतो, पान ओढून ताजं करा. क्रोममध्ये पान ताजं केलं की मुख्य पान पुन्हा विचारलं जातं, पण त्या पानात जोडलेल्या फायली मुदतीत असतील तर त्या साठ्यातूनच घेतल्या जातात. आपला तक्ता वेगळ्या फायलीत होता. चौकट ताजी आली, आतली तारीख शिळीच राहिली. माणसं दहादा ओढत होती आणि दहादा तेच पाहत होती.

साशंक : आता याचा अर्थ पाहा. पर्जनंतर पुण्यातल्या माणसाला नवी तारीख दिसली, कारण त्यानं तो तक्ता आधी कधी उघडलाच नव्हता. त्याला गरजच नव्हती. जिला गरज होती, जी आदल्या दिवशी येऊन बघून गेली होती, तिच्याच फोननं जुनी तारीख धरून ठेवली. शेजारणीचंही तेच. तिची मुलगी यंदा वसतिगृहात जायची नव्हती, म्हणून तिनं पान पहिल्यांदाच उघडलं आणि तिला बरोबर दिसलं. ज्याला जितकी काळजी, त्याला तितकी शिळी बातमी! तपासणाऱ्याचा फोन नेहमीच कोरा असतो, दादा, आणि म्हणूनच त्याला काही सापडत नाही. ‘आमच्याकडे तर दिसतंय’ हे तो खरंच बोलत होता. त्याचं खरं आणि आमचं खरं वेगळं होतं, इतकंच. पण दुरुस्ती त्याच्या खऱ्यावर चालते.

समर्थक : हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. पण उपाय आहे, आणि तो आपण केला. मुदत दोन प्रकारे सांगता येते. एक ओळ सगळ्यांसाठी, दुसरी फक्त मधल्या साठ्यांसाठी. सीडीएनला सांगितलं, तू दिवसभर ठेव. ब्राउझरला सांगितलं, प्रत ठेवलीस तरी चालेल, पण दाखवण्याआधी दर वेळी विचार. विचारणं स्वस्त असतं. बदल नसेल तर सीडीएन ‘तीच आहे’ एवढंच कळवतो, अख्खी फाइल पुन्हा येत नाही. आणि आपण तक्ता बदलला की सीडीएनचा साठा आपोआप रिकामा होतो. जिथं पर्ज पोचतो तिथं लांब मुदत, जिथं पोचत नाही तिथं विचारणा. चित्रं आणि अक्षरांच्या फायलींच्या नावातच आवृत्तीचा आकडा घातला. बदलली की नावच नवं, मग जुनी प्रत कुणाकडे असली तरी बिघडत नाही.

साशंक : तो बिघाड सुटला. पण पुढचेही इथूनच दिसले, आठवा. आपण पर्ज केलं ते साध्या पत्त्याचं. फेसबुकवरून येणाऱ्या दुव्याला प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट लागतं. आपल्या मांडणीत सीडीएनला ते वेगळंच पान वाटत होतं, आणि त्या शेपटाच्या पानाची जुनी प्रत साठ्यात तशीच राहिली होती. पुण्यात कुणी त्या दुव्यानं आलंच नाही. मग पान उघडण्याआधी येणारी, आपण माणूस असल्याची परीक्षा. मोबाइल कंपन्या पुष्कळ फोनांना मिळून बाहेर एकच आयपी पत्ता देतात. सीडीएनच्या पहारेकऱ्याला वाटतं, एकाच ठिकाणाहून इतक्या मागण्या येतात म्हणजे हे यंत्र असणार, आणि तो सगळ्यांना अडवतो. घरी स्वतःची फायबरची लाइन असलेल्याला हा अनुभव क्वचित येतो. जुना फोन, भरलेली मेमरी, सामायिक पत्ता, पुढं पाठवलेला दुवा, या सगळ्या गोष्टी एकत्र जिथं भेटतात तिथं बिघाड उगवतो. ती जागा दुरुस्ती करणाऱ्याचं टेबल नसते. म्हणून मी म्हणते, हे तंत्र सरासरी माणसासाठी सुधारतं आणि कडेच्या माणसासाठी आंधळं होतं.

समर्थक : आंधळं म्हणू नका. जगातल्या मोठ्या कंपन्यांनाही हे शोधताना घाम फुटतो, आणि त्यांच्याकडे तर सगळे आकडे समोर असतात. १८ नोव्हेंबर २०२५ ला आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीचं नेटवर्क कोलमडलं. जगभरच्या साइट ‘५००’ची चूक दाखवायला लागल्या. कारण काय होतं? एका डेटाबेसच्या परवानग्यांत केलेला बदल. त्यामुळे यंत्रमानव ओळखण्यासाठी लागणारी एक फाइल दुप्पट मोठी झाली, ती वाचणाऱ्या प्रणालीच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, आणि प्रणाली कोसळली. ही फाइल दर पाच मिनिटांनी नव्यानं तयार व्हायची, आणि परवानग्यांचा बदल टप्प्याटप्प्यानं चालला होता. त्यामुळे कधी चांगली फाइल निघे, कधी बिघडलेली. नेटवर्क उठे, पडे, पुन्हा उठे. त्यांना आधी वाटलं, कुणीतरी हल्ला केलाय. त्यांचं स्थिती सांगणारं पान बाहेरच्या यंत्रणेवर असूनही योगायोगानं त्याच वेळी बंद पडलं, त्यामुळे तो संशय आणखी पक्का झाला. मुख्य वाहतूक रात्री आठच्या सुमारास मार्गी लागली. पण त्याच दिवशी त्यांनी काय झालं, कसं चुकीच्या दिशेनं शोधत गेलो, हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं. कधी चालतं, कधी नाही, हा बिघाडाचा सर्वांत अवघड प्रकार आहे. तो राजूरला होतो तसा तिथंही होतो. फरक आंधळेपणाचा नाही, नोंदींचा आहे. त्यांच्याकडे हजारो ठिकाणच्या नोंदी होत्या, आपल्याकडे नव्हत्या.

साशंक : मी फरक दुसरीकडे पाहते. त्यांचं बंद पडलं तेव्हा जगानं तक्रार केली आणि जगावर कुणी अविश्वास दाखवला नाही. साम्रदहून एकट्याचा फोन आला तर? पहिला प्रश्न येतो : तुमचं नेट चालू आहे का? दुसरा : फोन बंद करून चालू केलात का? ज्याच्याकडे बिघाड दिसतो त्याच्याकडेच कारण शोधायचं, ही आपली सवय. नोंदी म्हणता, त्या कुणी करायच्या?

समर्थक : ज्याला दिसतंय त्यानं, आणि त्यासाठी त्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं. मी आता प्रत्येक पानाच्या तळाशी लहान अक्षरांत तीन गोष्टी छापतो. तक्ता आपण कधी बदलला ती वेळ, प्रत साठ्यातली की मूळ सर्व्हरवरची, आणि कोणत्या शहरातल्या सर्व्हरनं दिली. शहराच्या खुणेसाठी सहसा विमानतळाची अक्षरं असतात, मुंबईसाठी बीओएम. एकदा शेंडीच्या एका मुलानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सिंगापूरची खूण निघाली. त्याच्या कंपनीची वाहतूक त्या दिवशी मुंबईतल्या सर्व्हरकडे न जाता समुद्रापार जाऊन येत होती. फोनवर बोलून हे कधीच कळलं नसतं. एक चित्र आलं आणि शोध योग्य जागी गेला. पुण्याहून कुणी त्याला ‘आमच्याकडे तर दिसतंय’ म्हणू शकलं नाही.

साशंक : ही सोय मला आवडली, मनापासून सांगते. पण पुरावा आणायची जबाबदारीही पुन्हा त्या मुलावरच आली. त्याला स्क्रीनशॉट काढता येतो. ज्या आजीला येत नाही, तिचं म्हणणं पुराव्याशिवायच राहतं. आणि पुरावा असून तरी हात कुठवर पोचतो? ८ जून २०२१ ला फास्टली या सीडीएनच्या एका ग्राहकानं आपल्या मांडणीत एक बदल केला, तोही पूर्ण नियमात बसणारा. महिन्याभरापूर्वी, १२ मेला आलेल्या एका सॉफ्टवेअर आवृत्तीत लपलेला दोष त्यानं जागा झाला, आणि त्यांच्या नेटवर्कचा ८५ टक्के भाग चुका परत करू लागला. ब्रिटन सरकारची साइट, गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स, सगळं एकदम. ४९ मिनिटांत बहुतेक सुरळीत झालं, हे कौतुकाचंच. पण कुठल्यातरी अनोळखी ग्राहकाच्या एका बदलानं दुसऱ्या खंडातल्या वर्तमानपत्राचं पान जातं. असल्या साखळीला राजूरची सूचना का बांधायची? आपली पानं हलकी आहेत. मुंबईतच एक साधा सर्व्हर घ्या, तिथून थेट द्या. मध्ये कुणी नको.

समर्थक : तसं केलं तर रोज चालेल, आणि एका दिवशी चालणार नाही, आणि तो दिवस निकालाचा असेल. १६ जुलै २०२१ आठवा. करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. राज्यभरातली पंधरा लाखांहून जास्त मुलं, दुपारी एकची वेळ, आणि निकालाची संकेतस्थळं कोसळली. कित्येक तास मुलं नुसती पानं उघडत बसली. दोष कुणाचा यात मी शिरत नाही, गोष्टीचा आकार पाहा. निकाल एकदा लागला की त्या दिवशी बदलत नाही. प्रत्येक आसनक्रमांकाचं पान आधीच तयार करून ठेवता आलं असतं, योग्य संरक्षणासह सगळीकडे पसरवता आलं असतं. बदलत नाही आणि सगळ्यांना एकाच क्षणी हवं, यापेक्षा सीडीएनला शोभणारं काम दुसरं कोणतं? त्या दुपारी पुण्यातल्या मुलाइतकंच राजूरचं मूलही थांबलं. पण पुण्याचं मूल घरात बसून थांबलं, आणि इथलं कदाचित एसटी धरून नेट असलेल्या ठिकाणी येऊन.

साशंक : निकालासाठी मान्य. कारण तुम्हीच म्हणालात, तो बदलत नाही. पण आपल्या साइटवर सगळं एका जातीचं नाही. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं काम १९२६ साली पूर्ण झालं, हे पान वर्षभर जुनं राहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्याच धरणातून आज प्रवरेत किती क्युसेक विसर्ग सोडलाय, ही ओळ दहा मिनिटं शिळी असली तर? पावसाळ्यात रंधा धबधब्यावर बाहेरून आलेली माणसं उभी असतात. खाली निळवंड्यापर्यंत काठाकाठानं शेतकऱ्यांच्या मोटारी लावलेल्या असतात. एकाच्या फोनवर ‘विसर्ग बंद’ आणि दुसऱ्याच्या फोनवर ‘विसर्ग सुरू’. वसतिगृहाच्या तारखेचा गोंधळ शेजारणीनं सावरला. इथं सावरायला वेळ किती?

समर्थक : म्हणूनच त्या पानाची मुदत मी तीस सेकंदांवर आणलीय. गर्दी झाली तरी तीस सेकंदांत मूळ सर्व्हरला काही मोजक्याच मागण्या जातील, बाकी सगळे साठ्यातून घेतील. शिळेपणाही तीस सेकंदांचाच.

साशंक : आणि मूळ सर्व्हरच बंद पडला तर? मुसळधार पावसाच्या रात्री आपण लिहिलेली नवी सूचना सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही तर सीडीएन काय दाखवेल?

समर्थक : हा प्रश्न मी टाळत होतो. सीडीएनला सांगता येतं की मूळ सर्व्हर उत्तर देत नसेल तर मुदत संपलेली प्रत दाखव. बहुतेक पानांसाठी मी ते चालू ठेवलंय. प्रवेशाची यादी, एसटीचं वेळापत्रक, दाखल्यांची माहिती. काहीच नसण्यापेक्षा जुनी बरी. विसर्गाच्या पानाच्या या सेटिंगला मात्र अजून हात लावलेला नाही. जुनी प्रत दाखवली आणि तिच्यावर ‘विसर्ग बंद’ असेल, तर ते पान माणसाला नदीत पाठवेल. चूक झाली एवढंच सांगणारं कोरं पान दाखवलं, तर ज्याला खरोखर माहिती हवी तो रिकाम्या हातानं राहील, आणि कदाचित तोही नदीत उतरेल, कारण पान उघडलं नाही म्हणजे काही विशेष नसेल असं लोक धरून चालतात. मला वाटतं, जुनी प्रतच दाखवावी, पण वाक्य बदलून. ‘विसर्ग बंद आहे’ असं लिहायचंच नाही. ‘सकाळी नऊ वाजता विसर्ग बंद होता’ असं लिहायचं. ते वाक्य कितीही वेळ साठ्यात राहिलं तरी खोटं होत नाही.

साशंक : खोटं होत नाही, पण पुरेसं होतं का? नऊचं वाक्य दुपारी दोनला वाचणाऱ्यानं मधल्या पाच तासांचा हिशोब स्वतः करायचा. वरच्या अंगाला, घाटघर-रतनवाडीला किती पाऊस झाला, धरणात जागा किती उरली असेल, हे इथल्या म्हाताऱ्या माणसाला आभाळ बघून कळतं. ठाण्याहून गाडी घेऊन आलेल्याला कळत नाही. त्याच्यासाठी मी पान बंदच ठेवेन आणि फक्त धोक्याचा इशारा दाखवेन, आकडा नाहीच.

समर्थक : पण सतत इशारा दाखवणारं पान आठवड्याभरात कुणी वाचत नाही. इथल्या शेतकऱ्याला मोटार काढायची की नाही हे ठरवायला आकडाच लागतो, इशारा नाही. तुमचा नियम पर्यटकाला वाचवेल आणि शेतकऱ्याला आंधळा ठेवेल. माझा नियम शेतकऱ्याला उपयोगी पडेल आणि पर्यटकावर जास्त विश्वास टाकेल.

साशंक : मग ही सेटिंग तुम्ही एकट्यानं, डॅशबोर्डसमोर बसून, ठरवायची नाही. शेंडीतले, रंध्याजवळचे, काठावर मोटारी असलेले, अशा चार माणसांना बोलवा. त्यांना सीडीएन काय हे सांगू नका. एवढंच विचारा : नवी खबर पोचली नाही तर जुनी दाखवू की काहीच दाखवू नको?

समर्थक : विचारतो. पण चौघं चार उत्तरं देतील, ताई, आणि सेटिंगच्या त्या खान्यात मला एकच उत्तर भरता येतं.